बर्नरवरची पांढरी टोपी

टंबल क्रीकमध्ये बर्फ पडायला लागला की लोक आभाळाकडे बघत नसत, लव्हेल योर्गेन्सनच्या मेंढवाड्याकडे बघत. वाड्यामागे माणसाच्या दीडपट उंचीचं एक धुराडं उभं होतं. खाली गॅसची टाकी, बाजूला चांदीचा क्षार विरघळवलेल्या द्रावणाचं पिंप, आणि मध्ये बर्नर. हिवाळी वादळ डोंगराला धडकायच्या बेतात आलं की सॉल्ट लेक शहरातल्या हवामान-ऑफिसातून मार्नी नावाच्या मुलीचा फोन यायचा, "मिस्टर योर्गेन्सन, पेटवा." लव्हेल कानटोपी चढवून बाहेर जायचा आणि पेटवायचा. धूर वाऱ्याबरोबर डोंगर चढून ढगात शिरायचा, आणि ढगात गारठून नुसतंच लटकलेलं पाणी त्या चांदीच्या कणांना धरून बर्फ होऊन खाली यायचं. उन्हाळ्यात तोच बर्फ वितळून खालच्या शेतांना पाणी मिळायचं. एवढीच गोष्ट.

पण एवढीशी गोष्ट एवढीशी ठेवील तो लव्हेल कसला!

मार्नीने त्याला पहिल्याच वर्षी नीट समजावलं होतं. वादळ आपण आणत नाही. ते समुद्रावरून आपल्या पायांनी येतं. शंभर पाट्या बर्फ पडायचाच असेल तर आपल्यामुळे त्यावर आठ-दहा पाट्या जास्त पडतात, तेही नशीब असेल तर. लव्हेलचं सगळं आयुष्य जनावरांत गेलेलं, त्याला ते लगेच कळलं. गाय दुसऱ्याची, दूध तिचं तिचं, आपण फक्त शेवटच्या चार धारा पिळून काढायच्या. कळलं, आणि त्याच दिवसापासून त्याने या बाबतीत तोंडात मिठाची गुळणी धरली.

कारण गावाने पाय आणायला सुरुवात केली होती. पाय म्हणजे फळांचं सारण भरलेला, भट्टीत भाजलेला गोड पाय. सफरचंदाचा, चेरीचा, भोपळ्याचा. चांगला बर्फ पडला की दुसऱ्या दिवशी लव्हेलच्या पायरीवर दोन-तीन पाय ठेवलेले असत. "यंदा काय झकास पाडलात हो लव्हेलभाऊ!" असं कुणी म्हटलं की तो खाली बघून म्हणे, "छे, मी कसला पाडतोय." पण ते अशा सुरात म्हणे की ऐकणाऱ्याची खात्रीच पटावी. आयत्या पिठावर रेघोट्या कशा ओढाव्यात, हे त्याच्याकडून शिकावं.

यावरून बिशप ख्रिस्तेन्सनशी त्याचं जरा वाकडं होतं. हे बिशप आठवडाभर ट्रॅक्टरचे सुटे भाग विकत आणि रविवारी चर्च सांभाळत. दुष्काळाच्या वर्षी त्यांनी अख्ख्या गावाला उपास घडवला, बर्फासाठी प्रार्थना करवली. तीन दिवसांनी बर्फ पडला, आणि पाय गेले कुणाकडे? लव्हेलकडे. बिशप पुढच्या रविवारी देवाच्या कृपेवर बराच वेळ बोलले आणि बोलताना तिसऱ्या बाकाकडे रोखून बघत राहिले. तिसऱ्या बाकावर लव्हेल पेंगत होता.

अर्थात, श्रेय घेणाऱ्याच्या दारी शिव्याही येतातच. शाळेची बास्केटबॉलची मॅच बुडाली, लव्हेलमुळे. कुणाच्या कोठाराचं छप्पर खचलं, लव्हेलमुळे. बर्फ ढकलायचा सरकारी ट्रक चालवणारा रुलन बेक हा त्याचा शाळेपासूनचा मित्र. तो तर गावात यायच्या वाटेवरची खिंड मोकळी करून परत आला की खिडकीची काच खाली करून त्याचा उद्धार केल्याशिवाय पुढे जात नसे. लव्हेल तेही ऐकून घेई. शिव्यासुद्धा मानाच्याच की.

तर असा हा सुखाचा कारभार चालला होता, आणि त्यात आर्डिस वेल्बी गाव सोडून निघाली.

आर्डिस चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. ताठ कण्याची, चुरचुरीत जिभेची, आणि नाक असं तिखट की घरात पाऊल टाकताच काल काय शिजलं होतं ते सांगावं. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. लव्हेलची बायको नोरीन गेली तेव्हा त्याच्या घरी पहिलं भांडं आर्डिसचं आलं. चीज आणि मलई घातलेले भट्टीतले बटाटे; आमच्याकडे मयताच्या घरी तेच नेतात आणि त्याला नावही 'मयताचे बटाटे' असंच आहे. लव्हेल त्या दिवशी रडतही होता आणि दुसऱ्यांदा वाढूनही घेत होता. ते भांडं परत करायला म्हणून तो गेला, आणि नंतर काही ना काही परत करायला जातच राहिला.

टंबल क्रीकच्या चर्चमध्ये सगळे एकमेकांचे भाऊ आणि बहिणी. रिवाजच तसा. बिशपभाऊ, रुलनभाऊ, आर्डिसताई. गेली दोन वर्षं लव्हेलला आर्डिसला ताई म्हणणं जड जात होतं. म्हणून तो तिला काहीच म्हणत नसे. "अहो, ऐकलं का" म्हणायचीही सोय नाही, कारण ते फारच पुढचं झालं असतं. दोन वर्षांत चार वेळा तो मनातलं बोलायचं ठरवून तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला, आणि चारही वेळा बोलणं मेंढ्यांच्या खुरांच्या रोगावर जाऊन थांबलं.

आता तिचा मुलगा थेन शनिवारी ॲरिझोनाहून ट्रक घेऊन येणार होता. आईने एकटीने बर्फ उपसत राहायचं हे त्याला पसंत नव्हतं. तिकडे ऊन, सपाट रस्ते, दाराशी संत्र्यांची झाडं. गावाने निरोपाचं जेवणसुद्धा उरकलं, आमच्या प्रत्येक पंगतीत असते त्या हिरव्या जेलीसकट. लव्हेल त्या जेवणात एका कोपऱ्यात उभा राहून जेली चमच्याने हलवत होता. ती गेली तर आपलं काय उरेल, याचा त्याने हिशेब केला. उरत होत्या मेंढ्या, एक म्हातारा कुत्रा आणि दुसऱ्याच्या गायीच्या चार धारा.

गुरुवारी दुपारी आर्डिस स्वतः त्याच्याकडे आली. हातात पीच फळांची बरणी होती. लव्हेलने घाईघाईने कॉफीचं भांडं ओव्हनमध्ये लपवलं. आमच्या चर्चला कॉफी चालत नाही.

आर्डिस आत आली, एकदा नाकाने हवा ओढली, ओव्हनकडे बघितलं आणि खुर्चीवर बसली.

"लव्हेलभाऊ," ती म्हणाली, "वादळ येतंय म्हणतात."

"येतंय खरं. उद्या."

"थेन शनिवारी खिंडीतून येणार. सामान बांधून झालंय. पियानोसुद्धा गोधड्यांत गुंडाळला."

"पियानो गुंडाळला?" लव्हेल म्हणाला. "पियानोला तिकडचं ऊन सोसत नाही म्हणतात."

"पियानोचं मी बघून घेईन. मी तुम्हाला एक सांगायला आलेय." तिने बरणी त्याच्यापुढे सरकवली. "उद्या फोन आला तरी पेटवू नका. खिंड बंद झाली तर सगळाच घोळ होईल. एवढं करा माझ्यासाठी."

आता लव्हेलने म्हणायला हवं होतं, की बाई, माझ्या पेटवण्या-न पेटवण्याने खिंड बंदही होत नाही आणि उघडीही राहत नाही. किंवा म्हणायला हवं होतं, की जाऊ नका. दोन्हींतलं एक जरी बोलला असता तरी पुढचं रामायण टळलं असतं. पण पहिल्यात त्याचा मान जात होता आणि दुसऱ्यात जीव.

"बरं," तो म्हणाला. "नाही पेटवत."

"नक्की?"

"शब्द दिला."

आर्डिस त्याच्याकडे बघत राहिली. मग उठली, आणि दारात थांबून म्हणाली, "तुम्ही आजवर कुणाचं ऐकलेलं मी बघितलं नाही. बिशपचं नाही, रुलनचं नाही. शाळेने मॅचसाठी हात जोडले तेव्हाही पेटवलंत."

"तुमची गोष्ट वेगळी," लव्हेल म्हणाला, आणि आपण केवढं मोठं बोललो या विचाराने त्याचे कान लाल झाले. आर्डिसला मात्र त्यात काही मोठं वाटलेलं दिसलं नाही. ती गेली.

शुक्रवारी पश्चिमेचं आभाळ शिशासारखं झालं. दुपारी जेवणाच्या वेळेला फोन वाजला.

"मिस्टर योर्गेन्सन, काय सुंदर वादळ आलंय! तापमान अगदी हवं तसं, वारा थेट खिंडीकडे. पेटवा."

"आज नाही पेटवणार."

"गॅस संपला का?"

"गॅस आहे."

"मग?"

"एका बाईला शब्द दिलाय."

पलीकडे मार्नीने कागद चाळले. हवामानशास्त्राच्या पुस्तकात याचं उत्तर नसावं. "मी मशीनमध्ये बिघाड आहे असं लिहू का?" तिने शेवटी विचारलं.

"मशीन ठणठणीत आहे. बिघाड माझ्यात आहे."

"ठीक आहे," ती म्हणाली. "दुरुस्त झालात की कळवा."

आणि मग बर्फ सुरू झाला. आधी बारीक, मग जाड, मग असा की मेंढवाडा दिसेना. बर्नर थंडगार, पिंप काठोकाठ भरलेलं, आणि आभाळाने सगळी पोती एकदम सोडलेली. संध्याकाळी रेडिओवर सांगितलं, खिंड बंद, किमान मंगळवारपर्यंत. एवढा बर्फ कित्येक हिवाळ्यांत पडला नव्हता. लव्हेलने न पेटवलेला हा त्याचा सगळ्यांत मोठा बर्फ.

शनिवारी सकाळी पायरीवर तीन पाय होते.

चेरीचा पाय हातात घेऊन तो उभा होता, तेवढ्यात रुलनचा ट्रक बर्फाच्या दोन भिंती उडवत अंगणात शिरला. काच खाली आली.

"अरे ए, हिमालयाच्या जावया!" रुलन ओरडला. "काल रात्रीपासून मी झोपलेलो नाही. काय सगळं पिंप ओतलंस की काय आगीत? तुझ्या त्या धुराड्यात एक दिवस तुलाच घालून पेटवतो!"

पण लव्हेलचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ट्रकच्या दुसऱ्या दारातून आर्डिस उतरत होती. चर्चचा निळा कोट, पायांत मेलेल्या नवऱ्याचे गमबूट. गुडघाभर बर्फातून ती सरळ त्याच्याकडे आली. गाल लाल झाले होते, आणि चेहऱ्यावर असं काही होतं की लव्हेलला वाटलं, आता आपल्या थोबाडीत बसणार.

"लव्हेलभाऊ," ती म्हणाली, "तुम्ही मला शब्द दिला होता."

"दिला होता."

"खिंड बंद आहे."

"आहे."

"थेन अर्ध्या वाटेवरून परत गेला. माझा पियानो गोधडीत आहे. किटलीसुद्धा खोक्यात आहे. आता यावर तुमचं काय म्हणणं आहे?"

लव्हेलला एकदम हुरूप आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर खोटा आळ आला होता आणि त्याच्या बाजूने पक्का पुरावा होता. त्याने चेरीचा पाय पुन्हा पायरीवर ठेवला, तिची बाही धरली आणि तिला ओढतच मेंढवाड्यामागे नेलं. रुलनही ट्रक तसाच सोडून मागोमाग आला. असली संधी तो कशाला सोडतोय.

"बघा!" लव्हेल म्हणाला.

धुराड्याच्या डोक्यावर बर्फाची हातभर उंच पांढरी टोपी होती. न वितळलेली, न काजळलेली, आचाऱ्याच्या टोपीसारखी. पिंपावर बर्फ, झडपेवर बर्फ. आसपास एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

"बघा, हात लावून बघा. गार आहे ना? काडीसुद्धा ओढली नाही मी. मार्नीचा फोन आला, तिला तोंडावर नाही म्हटलं. शब्द म्हणजे शब्द!"

आर्डिसने टोपीकडे बघितलं. नाकाने एकदा हवा ओढली. बर्नर पेटून गेला की त्या द्रावणाचा, नखांचा रंग पुसायच्या औषधासारखा, वास दोन दिवस तिथे घुटमळतो. आज नुसता स्वच्छ, थंड, बिनवासाचा बर्फ होता.

आणि तिचा चेहरा उतरला.

लव्हेलला काही कळेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते त्याला कुणी सांगायचं? रुलनने कपाळावर हात मारला.

"म्हणजे खरंच नाही पेटवलंस," आर्डिस हळू म्हणाली.

"नाही! मी सांगतोय काय मग!"

"अख्ख्या गावाचं ऐकलं नाहीस." तिचा आवाज चढायला लागला, आणि 'तुम्ही' कुठे गेलं ते तिलाही कळलं नसावं. "लोकांची छपरं पडली तरी पेटवलंस. पोरं मॅचसाठी रडली तरी पेटवलंस. आणि आयुष्यात ज्या एका दिवशी ऐकायचं नव्हतं, त्याच दिवशी नेमकं ऐकलंस! काल थेनला मी फोनवर काय सांगितलं, ठाऊक आहे? म्हटलं, बाळा, तू येऊ नकोस. इथे एक माणूस आहे, त्याने माझ्यासाठी अख्खा डोंगर बंद केलाय."

मेंढवाड्यात एक मेंढी खोकली.

"तुला मी जायला हवं होतं, तर तसं सांगायचंस," आर्डिस म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आणि त्याचा तिला राग आला होता. "मी उगाच या बुटांतून आले."

"लव्हेल," रुलन म्हणाला, "मेंढ्यांबद्दल एक शब्द जरी बोललास तर हे फावडं तुझ्या डोक्यात घालीन."

लव्हेलने कानटोपी काढली. डोक्यावर बर्फ पडत होता. इतकी वर्षं जपलेली गोष्ट आता रुलनच्या देखत बोलावी लागणार होती, म्हणजे दुपारपर्यंत गावभर होणार होती. बिशपला आनंदाने जेवण जाणार नव्हतं. पण ती निघाली होती, वळलीसुद्धा होती.

"पेटवलं असतं तरी काही झालं नसतं," तो म्हणाला.

आर्डिस थांबली.

"मी बर्फ पाडत नाही. कधीच पाडला नाही. वादळ आपलं आपण येतं. मी त्यात चिमूटभर घालतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, तसला माझा कारभार. सगळे पाय मी फुकट खाल्ले."

"तो भोपळ्याचासुद्धा? माझ्या बायकोचा?" रुलनने विचारलं.

"तोसुद्धा."

"म्हणजे हे सगळं," आर्डिसने हात पसरून डोंगर दाखवला, "कुणीच केलेलं नाही. माझ्यासाठी कुणी काहीच केलं नाही."

"तसं नाही," लव्हेल म्हणाला. आता त्याचे कानच नव्हे, मानही लाल झाली होती. "काल फोन ठेवला, आणि मी स्वयंपाकघरात गुडघे टेकले. म्हटलं, देवा, मी पेटवणार नाही, मी शब्द दिलाय. पण तू कुणाला शब्द दिलेला नाहीस. तेव्हा होऊन जाऊ दे. खिंड बुजव. ट्रक अडकव. ती जाऊ नये असं काहीतरी कर, कारण मला तोंड उघडता येत नाही."

"तू प्रार्थना केलीस?" आर्डिसचा विश्वास बसेना. "तू?"

"बराच वेळ. नंतर उठताच येईना. कुत्र्याला धरून उठलो."

रुलन खो खो हसायला लागला. हसता हसता धुराड्याला टेकला आणि टोपीतला थोडा बर्फ त्याच्या कॉलरमध्ये घसरला. "आता पाय बिशपला द्यावे लागणार," तो म्हणाला. "हे त्यांच्या खात्यातलं काम आहे."

आर्डिस हसली नाही. ती लव्हेलकडे बघत राहिली, पियानोभोवती गोधड्या आवळताना गाठी कशा बसल्या हे आठवत असल्यासारखी.

"शब्द फक्त बर्नरचा दिला होतास," ती म्हणाली.

"बर्नरचाच. प्रार्थनेचं काही ठरलं नव्हतं."

"लबाड माणूस आहेस, लव्हेल."

लव्हेल. भाऊ नाही, काही नाही. नोरीन गेल्यापासून चार वर्षांत कुठल्याही बाईने ते नाव इतकं मोकळं घेतलं नव्हतं.

"आर्डिस," तो म्हणाला, आणि ताई लावलं नाही. "जाऊ नकोस."

एवढंच. दोन वर्षं, चार खेपा, मेंढ्यांचे सगळे रोग, आणि शेवटी हे दोन शब्द. जमिनीत गाडला जाईन असं त्याला वाटलं होतं, पण तो तसाच उभा होता, डोक्यावर बर्फ घेऊन.

घरात फोन वाजायला लागला. लव्हेल जागचा हलेना, तेव्हा रुलनच धावत गेला आणि खिडकीतून ओरडला, "ती ऑफिसची मुलगी आहे! म्हणतेय दुसरी लाट येतेय, दुपारपर्यंत. विचारतेय, बिघाड दुरुस्त झाला का?"

लव्हेलने आर्डिसकडे बघितलं. "मी शब्द दिलाय. तूच सोडवलास तर."

आर्डिसने भिंतीला टेकवलेला झाडू उचलला. एक पाऊल मागे घेतलं, नेम धरला, आणि धुराड्याच्या डोक्यावरची उरलेली टोपी एका फटक्यात उडवून दिली.

"चिमूटभर तर चिमूटभर," ती म्हणाली. "मंगळवारी थेन पुन्हा निघायचं म्हणतोय. पेटव."

लव्हेलने काडी ओढली. पहिली विझली, दुसरीही विझली. तिसरी आर्डिसने स्वतः ओढली. बर्नरने घसा खाकरला आणि तो भरभरून पेटला, आणि नखांच्या औषधाचा तो उग्र वास अंगणभर पसरला. आर्डिसने तो छाती भरून आत घेतला, जणू संत्र्याच्या मोहोराचाच आहे.

"चल आत," ती म्हणाली. "माझी किटली खोक्यात आहे. ओव्हनमध्ये काय लपवलंयस, ते काढ बाहेर. दोन कप."